धागा: वेगवान पीएलसी घेतला तर सायझिंगच्या डान्सरचं हेलकावणं थांबेल का?

सायझिंग_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. प्रश्न सायझिंग मशीनच्या (ताण्याला खळी लावणाऱ्या यंत्राच्या) हेडस्टॉकचा, म्हणजे सूत बीमवर गुंडाळणाऱ्या टोकाचा आहे. ड्रॉ रोलरनंतर डान्सर (सुताच्या ताणानुसार हलणारा रोलर), डान्सरनंतर मागाचा बीम. बीमला स्वतंत्र मोटर, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण). डान्सरच्या आसावर पोटेन्शिओमीटर बसवलाय, त्याचे ०-१० व्होल्ट पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) ॲनालॉग मॉड्यूलला जातात. पीआयडी (डान्सरची चूक किती, किती साठली आणि किती वेगाने बदलतेय यावरून पी, आय, डी असे तीन भाग मिळवून वेग दुरुस्त करणारा हिशेब) पीएलसीतच चालतं आणि वेगाचा हुकूम मॉडबसवरून (तारेवरून आकडे पाठवायच्या पद्धतीने) ड्राइव्हला जातो. माल टॉवेलचा, २० काउंट कॉटनचा ताणा.

आकडे असे: लाइनचा वेग ६० मीटर प्रति मिनिट. बीमचा रिकामा बॅरल १५० मिमी, भरलेला बीम ८०० मिमी. पीएलसी स्कॅन (प्रोग्रॅमचा एक फेरा) १० मिलिसेकंद. ॲनालॉग मॉड्यूलचे चारही चॅनेल चालू, वापरात फक्त एक. आरएस-४८५ वर ९६०० बॉडने तीन ड्राइव्ह: साइज बॉक्स, ड्रॉ रोलर, बीम. व्यास पीएलसीत मोजला जातो आणि पीआयडीची ट्रिम (मूळ वेगावरची छोटी दुरुस्ती) त्या व्यासाने भागलेली आहे.

लक्षणं: सुरुवातीला बरं चालतं. व्यास २५० ते ४०० मिमी असताना डान्सर सगळ्यात जास्त हलतो, ३-४ मिमी दोन्ही बाजूंना, आणि ताण्याचे धागे त्याच काळात जास्त तुटतात. ६०० च्या पुढे हे बरंच शांत होतं. पण ७०० च्या वर वेगळंच सुरू होतं, डान्सर सावकाश एका बाजूला सरकतो आणि काही सेकंदांनी परत येतो. पी गेन कमी केला की डान्सर वाहवत जातो, वाढवला की मधलं हेलकावणं वाढतं.

पॅनेलवाल्यांचा सल्ला, १ मिलिसेकंद स्कॅनचा पीएलसी घ्या. त्याने फरक पडेल का?

लूप_मार्जिन
मालक, पीएलसीची ऑर्डर थांबवा. तुमच्या लूपमध्ये (डान्सर, पीएलसी, मोटर आणि परत डान्सर या फेऱ्यात) होणाऱ्या उशिरात पीएलसीचा वाटा फार थोडा आहे. आधी उशिराचा हिशेब मांडू. फीडबॅकची मर्यादा पीएलसीच्या वेगावर ठरत नाही. डान्सर हलल्यापासून मोटर प्रत्यक्ष बदलेपर्यंत जो एकूण वेळ जातो, त्यावर ठरते.

ॲनालॉग मॉड्यूल: विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट मारण्यासाठी ते प्रत्येक चॅनेलला २० मिलिसेकंद देतं असं धरू. चार चॅनेल एकामागून एक, म्हणजे तुमच्या चॅनेलचा आकडा ८० मिलिसेकंदांनी एकदा बदलतो. तो आकडा मोजणीच्या मधल्या क्षणाचा, म्हणून १० मिलिसेकंद शिळा, आणि पुढचा येईपर्यंत सरासरी ४० मिलिसेकंद आणखी शिळा. एकूण ५०.

पीएलसी: १० च्या स्कॅनमध्ये इनपुट वाचणं, हिशेब, आउटपुट मिळून सरासरी १५.

मॉडबस: इथेच घोडं पेंड खातंय. एक रजिस्टर लिहायला ८ बाइट जातात, ८ परत येतात. १६ बाइट, प्रत्येकी ११ बिट, ९६०० बॉडला १८.३ मिलिसेकंद. दोन फ्रेममधली साडेतीन अक्षरांची शांतता दोन वेळा, ८ मिलिसेकंद. ड्राइव्हला उत्तर द्यायला ५ ते १० लागतात. म्हणजे एका व्यवहाराला ३२ ते ३५. तीन ड्राइव्ह, प्रत्येकी एक लिहिणं आणि एक वाचणं, सहा व्यवहारांचा फेरा सुमारे २०० मिलिसेकंदांचा. बीमच्या ड्राइव्हला नवा हुकूम २०० मिलिसेकंदांनी एकदा मिळतो, तोवर तो जुनाच धरून बसतो. सरासरी १०० मिलिसेकंद हे धरून बसण्याचे, आणि सुमारे २० फ्रेम पोहोचून ड्राइव्हने ती वापरण्याचे.

बेरीज: ५० + १५ + १२० = १८५ मिलिसेकंद. स्कॅन १ मिलिसेकंद केलात तर १५ चे दोन होतील, १८५ चे १७२.

आता याचा अर्थ बघू. डान्सर हा इंटिग्रेटर आहे: वेगातला फरक साठत जातो आणि डान्सरची जागा बदलते. इंटिग्रेटर ९० अंश फेज खातो, म्हणजे उत्तर पाव फेरा मागे पडतं. स्थिर लूपला ६० अंशांचं मार्जिन (लूप स्वतः डोलायला लागण्याआधीची राखीव जागा) ठेवायचं तर १८० पैकी उशिराला फक्त ३० अंश उरतात, म्हणजे ०.५२४ रेडियन. क्रॉसओव्हर (जिथपर्यंत लूपचा जोर पुरतो ती वारंवारिता) = ०.५२४ ÷ ०.१८५ = २.८३ रेडियन प्रति सेकंद = ०.४५ हर्ट्झ. यापेक्षा वेगाने होणाऱ्या कुठल्याही गडबडीपुढे तुमचा लूप हतबल आहे, गेन कितीही फिरवा.

सायझिंग_अक्कलकोटरोड
मॉडबसचा फेरा मोजायचं कधी डोक्यातच आलं नाही. पण मग मधल्याच व्यासाला का हलतं? उशीर तर सगळ्या व्यासांना तोच आहे.

नियंत्रण_वर्ग
हा प्रश्न फार मोलाचा आहे. उत्तर हेन्ड्रिक बोडे यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या एका नियमात आहे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय ते आधी बघा: लूप बंद असताना एखादी गडबड, लूप नसतानाच्या तुलनेत किती पट उरते तो आकडा. १ पेक्षा कमी असेल तर लूप मदत करतोय, १ पेक्षा जास्त असेल तर लूपच भर घालतोय. ओपन लूप अस्थिर नसेल आणि लूप गेन उच्च वारंवारितेला पुरेशा वेगाने खाली येत असेल (तुमच्यासारख्या उशीर असलेल्या लूपमध्ये तो धरायचाच), तर या आकड्याच्या लॉगरिथमचं सगळ्या वारंवारितांवरचं इंटिग्रल शून्य येतं. म्हणजे खालच्या वारंवारितांना जेवढं दाबाल, तेवढं वर कुठेतरी फुगणारच. पाण्याने भरलेली पिशवी एका जागी दाबली की दुसरीकडे फुगते, तसं. डिजिटल लूपमध्ये तर ही फुगवटी सॅम्पलिंगच्या अर्ध्या वारंवारितेच्या आतच मावायला हवी, म्हणून ती आणखी ठळक होते.

बीम थोडासा विकेंद्री असतोच, म्हणजे त्याचा आस नेमका मध्यात नसतो, आणि दर फेऱ्याला सुताला एक हेलकावा बसतो. ६० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १ मीटर. व्यासावरून गडबडीची वारंवारिता निघते, आणि लूप_मार्जिन यांच्या आकड्यांवरून (उशीर ०.१८५, क्रॉसओव्हर २.८३) सेन्सिटिव्हिटी:

१५० मिमी: २.१२ हर्ट्झ, १.१३ पट
३०० मिमी: १.०६ हर्ट्झ, १.६२ पट
५०० मिमी: ०.६४ हर्ट्झ, १.३५ पट
८०० मिमी: ०.४० हर्ट्झ, ०.८९ पट

सगळ्यात मोठी फुगवटी १ हर्ट्झच्या जरा अलीकडे, १.६३ पट, म्हणजे ३२० मिमीच्या आसपास व्यासाला. तुमचं लक्षण २५० ते ४०० आहे. बीम भरत जातो तशी त्याची वारंवारिता लूपच्या फुगवटीतून खाली सरकत जाते. तुमचं पीआयडी तिथे हेलकाव्याला खतपाणी घालतंय.

पडताळणी सोपी आहे. व्यास ३०० असताना पीआयडी १० सेकंद मॅन्युअलला टाका, ट्रिम गोठवा. डान्सर हळूहळू एका बाजूला वाहील, पण त्यावरचं हेलकावणं ४ मिमीवरून अडीच मिमीच्या आसपास यायला हवं. तसं झालं तर निदान पक्कं. ऑपरेटरला आधी कल्पना द्या आणि डान्सरचे दोन्ही बाजूंचे स्टॉप ठीक आहेत का बघून घ्या.

दुसरी खूण: हेलकाव्याचा काळ बीमच्या एका फेऱ्याएवढाच असेल आणि व्यासासोबत बदलत असेल, तर ती बाहेरची गडबड. व्यास काहीही असला तरी काळ तोच राहत असेल, तर लूप स्वतःच डोलतोय, गेन जास्त आहे.

पॅनेल_चिंचोली
ट्रिम व्यासाने भागलेली आहे हे यांनी लिहिलं म्हणून बरं. कितीतरी जुन्या पॅनेलमध्ये ती नसते. मोटरचा तोच १ हर्ट्झ ८०० मिमीला १५० च्या ५.३ पट सूत ओढतो, म्हणजे लूपचा गेन आपोआप ५.३ पट होतो. रिकाम्या बीमवर नीट जुळवलेलं पीआयडी भरल्या बीमवर डोलायला लागतं आणि दोष मोटरला दिला जातो. इतर वाचणाऱ्यांनी आपला प्रोग्रॅम उघडून हे आधी बघावं.

आता उशीर कापायचा कसा. नवा सामान जवळजवळ लागत नाही.

१. ॲनालॉग मॉड्यूलचे न वापरलेले तीन चॅनेल कॉन्फिगरेशनमधून बंद करा. टर्मिनल मोकळं ठेवून भागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये डिसेबल करायला लागतं. ८० चे २० होतात, सरासरी उशीर ५० वरून २०.

२. ट्रिम मॉडबसवरून काढा. पीएलसीला ०-१० व्होल्टचं आउटपुट असेल तर ते बीम ड्राइव्हच्या ॲनालॉग इनपुटला द्या. मूळ वेग मॉडबसवरूनच राहू द्या, आणि ड्राइव्हमध्ये दुसरा रेफरन्स पहिल्यात मिळवण्याची सोय असते ती वापरा. ॲनालॉगची पट्टी ±५ हर्ट्झची ठेवा, ५ व्होल्ट म्हणजे शून्य ट्रिम.

३. ड्राइव्हच्या ॲनालॉग इनपुटला स्वतःचा फिल्टर असतो. अनेक ड्राइव्हमध्ये तो कारखान्यातून १०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. तो १० वर आणा, नाहीतर मॉडबस काढून जे कमावलं ते इथेच जाईल.

४. ड्राइव्हचा ॲक्सिलरेशन रॅम्प. तो १० सेकंद असेल तर ड्राइव्ह सेकंदाला ५ हर्ट्झपेक्षा जास्त बदलूच शकत नाही, आणि ट्रिमसुद्धा त्याच रॅम्पमधून जाते. उशीर कापल्यावर जो वाढीव गेन ठेवाल त्याला ३०० मिमी व्यासावर साडेपाच हर्ट्झ प्रति सेकंदाच्या वर लागेल. लाइनचा चढ-उतार पीएलसीत रॅम्प करून घ्या आणि ड्राइव्हचा रॅम्प २ सेकंदांवर आणा. करंट लिमिटवर नजर ठेवा.

५. मॉडबसला तरी ३८४०० बॉड द्या. केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन, मधल्या ड्राइव्हला नाही.

६. शिल्ड केबलची शिल्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा. पॉटची (पोटेन्शिओमीटरची) केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नका.

एकूण: २० + १५ + १५ = ५० मिलिसेकंद.

लूप_मार्जिन
५० मिलिसेकंदांना क्रॉसओव्हर १०.५ रेडियन प्रति सेकंद, १.६७ हर्ट्झ. म्हणजे पूर्वीच्या पावणेचारपट, जुन्याच पीएलसीवर. या क्रॉसओव्हरला २० ते ४० पट वेगाने सॅम्पल घेतलं की पुरतं, म्हणजे १५ ते ३० मिलिसेकंद. तुमचे १० भरपूर झाले.

पण पीआयडी मुख्य प्रोग्रॅममध्ये ठेवू नका. स्कॅन कधी ८ तर कधी २५ मिलिसेकंद होतो, आणि हिशेब मात्र १० धरून चालतो. आय आणि डी दोन्ही त्यामुळे चुकतात. ठरावीक वेळाने चालणाऱ्या इंटरप्टमध्ये टाका.

ट्यूनिंगसाठी सिगर्ड स्कोगेस्टाड यांचा २००३ चा नियम इंटिग्रेटरला चपखल बसतो: क्रॉसओव्हर अर्धा भागिले उशीर, आणि इंटिग्रल टाइम उशिराच्या आठपट. ५० मिलिसेकंदांना ०.४ सेकंद. आधीच्या १८५ ला हाच दीड सेकंद येतो. आय चालू केल्यावर मार्जिन ६० अंशांच्या खाली जातं, हे लक्षात ठेवून गेन १०-१५ टक्के कमी ठेवा. डी शून्यच ठेवा. पॉट २७० अंशांचा आणि डान्सर त्यातले ३० वापरणार, म्हणजे १२ बिटचे ४०९६ पैकी ४५५ आकडेच हाताशी. एक आकडा हलला की डी उडी मारतं.

खरा उशीर मोजायची रीत: लाइन ठरावीक वेगात, पीआयडी मॅन्युअल, ट्रिममध्ये २ टक्क्यांची पायरी द्या आणि पीएलसीच्या ट्रेंडमध्ये ट्रिम व पॉट दोन्ही नोंदवा. डान्सर तिरक्या रेषेत सरकेल. ती रेषा मागे वाढवून मूळ पातळीला जिथे छेदते, तिथपासून पायरीच्या क्षणापर्यंतचं अंतर म्हणजे उशीर. रेषेच्या चढावरून प्रोसेसचा गेन मिळतो. दोन्ही दिशांना मिळून पाच-सहा वेळा करा, एका मोजणीवर विसंबू नका. ट्रेंड ॲनालॉग मॉड्यूलनंतरचा असतो, म्हणून मॉड्यूलचा उशीर त्यात आपोआप येतो.

यंत्रमाग_दुरुस्ती
एवढं करण्यापेक्षा स्मिथ प्रेडिक्टर (प्रोसेसचं मॉडेल चालवून उशिरानंतर काय होईल त्याचा आधीच अंदाज बांधणारी रीत) टाकला तर? उशिरावर तोच उपाय आहे असं शिकवतात.

नियंत्रण_वर्ग
ओटो स्मिथ यांनी तो १९५७ मध्ये मांडला, आणि सेटपॉइंट बदलताना तो उत्तम चालतो. इथे दोन अडचणी. एक, आलेली गडबड उशिराचा काळ संपेपर्यंत दिसतच नाही, मग प्रेडिक्टर असो वा नसो. १ हर्ट्झच्या हेलकाव्याला १८५ मिलिसेकंद म्हणजे ६७ अंश. हे कुठलंही गणित परत मिळवून देत नाही. दोन, मूळ रूपातला स्मिथ प्रेडिक्टर इंटिग्रेटर असलेल्या प्रोसेसवर स्थिर गडबड शून्यावर आणू शकत नाही, डान्सर मध्यापासून सरकलेलाच राहील. सुधारित रूपं आहेत, पण त्यांना उशिराचा आकडा नेमका लागतो. तुमचा मॉडबसचा फेरा कधी १८० तर कधी २३० मिलिसेकंदांचा असेल, तर मॉडेल चुकलंच. उशीर कापता येत असताना त्याचा अंदाज बांधत बसू नये.

सायझिंग_अक्कलकोटरोड
आणि ७०० च्या वरचं ते सावकाश सरकणं? ते यात कुठे बसलं नाही.

पॅनेल_चिंचोली
मॉडबसवरून फ्रीक्वेन्सी कोणत्या पायरीने जाते? रजिस्टरमध्ये ५०० म्हणजे ५० हर्ट्झ, की ५००० म्हणजे ५० हर्ट्झ?

सायझिंग_अक्कलकोटरोड
५०० म्हणजे ५० हर्ट्झ.

पॅनेल_चिंचोली
मग सापडलं. पायरी ०.१ हर्ट्झची झाली. १५० मिमीला मोटर ५० हर्ट्झवर फिरत असेल तर ८०० ला ती ९.४ हर्ट्झवर असेल. तिथे ०.१ हर्ट्झ म्हणजे १ टक्क्याच्या वर, सूत सेकंदाला १०.७ मिमी जास्त किंवा कमी. डान्सरवर सूत दुहेरी असल्यामुळे डान्सर त्याच्या निम्म्याने, सेकंदाला ५ मिमीच्या वर सरकतो. गरज ९.३४ ची, मिळतं ९.३ किंवा ९.४. आय टर्म फरक साठवत जाते, पायरी ओलांडते, डान्सर उलटा फिरतो, परत साठवणं सुरू. याला लिमिट सायकल म्हणतात. ट्यूनिंगने ते जात नाही.

ट्रिम ±५ हर्ट्झच्या ॲनालॉगवर घेतलीत की १२ बिटला पायरी ०.००२४ हर्ट्झ होते, सुताला सेकंदाला पाव मिमी. ड्राइव्हचं स्वतःचं इनपुट १० बिटचं असेल तरी ०.०१ हर्ट्झ. ड्राइव्हमध्ये ०.०१ ची पायरी निवडायचं पॅरामीटर असेल तर तेही बदला.

फर्मवेअर_होटगीरोड
याच जातीचा आणखी एक दोष आहे, स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांसाठी. १६ बिट पूर्णांकात पीआय लिहिलं असेल, सॅम्पल १० मिलिसेकंद, इंटिग्रल टाइम १० सेकंद, तर दर वेळी आय मध्ये चुकीचा हजारावा भाग मिळवायचा असतो. चूक ४० आकड्यांची असेल तर ०.०४, पूर्णांकात शून्य. चूक १००० च्या खाली असेपर्यंत आय हलतच नाही आणि डान्सर कायमचा एका बाजूला बसतो. यावर कोणी सॅम्पलिंग १ मिलिसेकंद केलं तर तोच भाग दहा हजारावा होतो, दोष दहापट वाढतो. वेगवान सॅम्पलिंगने बिघडणारी ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. उपाय: बेरीज ३२ बिटमध्ये ठेवा, भागाकार शेवटी करा. फ्लोट वापरलात तरी २४ बिटच अचूक असतात, फार मोठ्या बेरजेत फार छोटा आकडा मिळवला की तो गडप होतो.

एनकोडरवरून (आस फिरताना पल्स देणाऱ्या सेन्सरवरून) वेग काढणाऱ्यांनीही बघावं. १०२४ पल्सचा एनकोडर चौपट मोजला तर एका फेऱ्याला ४०९६. बीमच्या आसावर बसवला असेल तर ८०० मिमीला मिनिटाला २४ फेरे, १० मिलिसेकंदांत १६ आकडे. एका आकड्याची चूक ६ टक्के. खिडकी १०० मिलिसेकंदांची केली की अचूकता दहापट, पण ५० मिलिसेकंद उशीर वाढला. त्यापेक्षा दोन पल्समधला वेळ मोजा, किंवा एनकोडर मोटरच्या बाजूला घ्या.

टॉवेल_स्टेंटर
थोडं वेगळं विचारतो. आमच्याकडे ॲनालॉग मॉड्यूल नाही, कंट्रोलर बोर्डाचा एडीसी (व्होल्टचा आकडा करणारा भाग) आहे, दर २० मिलिसेकंदांनी वाचतो. मशीन बंद, डान्सर खिळलेला, तरी आकडा १०-१५ सेकंदांच्या लाटेत वर-खाली होतो. दिवसात कधी लाट लांबते, कधी आखडते.

फर्मवेअर_होटगीरोड
२० मिलिसेकंद म्हणजे नेमके ५० हर्ट्झ. ग्रीडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हलत असते. ४९.९ असेल तेव्हा पॉटच्या वायरीतला गुणगुणाट सॅम्पलिंगला ०.१ हर्ट्झचा वाटतो, १० सेकंदांची लाट. ४९.९५ ला २० सेकंदांची. ग्रीड हलतं तशी लाट आखडते, लांबते. सॅम्पल झाल्यानंतर सॉफ्टवेअर फिल्टरने ही लाट जात नाही, कारण तोवर ती खऱ्या सरकण्यासारखीच दिसायला लागलेली असते.

एडीसीच्या आधी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावा. टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद, ५० हर्ट्झ तीस टक्क्यांवर येतो, मोबदल्यात १० मिलिसेकंद उशीर. सोबत दर १ मिलिसेकंदाला वाचून २० वाचनांची सरासरी घ्या, म्हणजे ५० हर्ट्झ जवळजवळ पूर्ण जातो. त्याचेही १० मिलिसेकंद उशिराच्या खात्यात लिहा.

रंगखाता
सूत रंगवायच्या भांड्याला हाच हिशेब लागू होतो का? वाफेचा व्हॉल्व्ह उघडल्यावर ४० सेकंदांनी तापमान हलायला लागतं. पूर्ण उघडल्यावर मिनिटाला ३ अंश चढतं. सेटपॉइंटच्या वर २-३ अंश उडी जाते.

लूप_मार्जिन
अगदी तोच. ३ अंश प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ०.०५, व्हॉल्व्हच्या प्रत्येक टक्क्याला ०.०००५. ८० म्हणजे उशिराच्या दुप्पट धरून, गेन = १ ÷ (०.०००५ × ८०) = प्रति अंश २५ टक्के, म्हणजे प्रपोर्शनल बँड (ज्या फरकात व्हॉल्व्ह पूर्ण बंद ते पूर्ण उघडा होतो) ४ अंश. इंटिग्रल टाइम ४० ची आठपट, ३२० सेकंद. उडी जाते ती बहुतेक इंटिग्रल फार छोटा असल्यामुळे, किंवा चढतीच्या काळात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आय साठत राहिल्यामुळे. व्हॉल्व्ह १०० टक्क्यांना टेकला की आय गोठवा.

सॅम्पलिंग १ सेकंद पुरे, इथे पीएलसीचा वेग हा विषयच नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्ह २० सेकंदांच्या फेऱ्यात उघड-बंद करत असाल तर त्यातच १० सेकंदांचा उशीर आहे, फेरा ५ वर आणा. पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) जाड थर्मोवेलमध्ये (त्याच्या संरक्षक नळीत) सैल बसला असेल तर तिथेही वेळ जातो. टोक तळाला टेकवून मध्ये उष्णतावाहक पेस्ट भरा. ४० चे ३० झाले की बँड ३ अंशांवर आणता येतो.

सायझिंग_अक्कलकोटरोड
मोजमापं टाकतो. बदलाआधी पायरीच्या चाचणीत उशीर १९० मिलिसेकंद. ३०० मिमीला ट्रिम गोठवल्यावर हेलकावणं ४ वरून अडीच मिमी. चॅनेल बंद, ट्रिम ॲनालॉगवर, फिल्टर १०, रॅम्प २ सेकंद, हे सगळं करून उशीर ५५. आता ३०० मिमीला डान्सर दीड मिमी हलतो. ७०० च्या वरचं सरकणं गेलं. पण १५० ते २०० मिमीला, नवा बीम लागल्यावर, आधीपेक्षा किंचित जास्त हलतंय.

नियंत्रण_वर्ग
तेच यायला हवं होतं. ५० मिलिसेकंदांचे आकडे:

१५० मिमी: १.१३ वरून १.२४ पट
३०० मिमी: १.६२ वरून ०.६४ पट
५०० मिमी: १.३५ वरून ०.३८ पट
८०० मिमी: ०.८९ वरून ०.२४ पट

फुगवटी नाहीशी झाली नाही, १ हर्ट्झवरून ३.७ हर्ट्झकडे सरकली. १०० मिमी व्यासाचा गाइड रोलर याच वेगाला ३.२ हर्ट्झने फिरतो. तो वाकडा असेल तर आता त्याचं हेलकावणं दीडपटीहून जास्त दिसेल, आधी तो लूपच्या नजरेतही येत नव्हता. गाइड रोलर एकदा हाताने फिरवून बघून घ्या.

यंत्रमाग_दुरुस्ती
मग सुरुवातीला लाइन ३० मीटरवर ठेवली तर? १५० मिमीला वारंवारिता निम्मी होईल. व्यासासोबत वेग वाढवत ३०० ला ६० वर आणायचा. १५० ते ३०० मध्ये एकूण लांबीच्या ११ टक्केच सूत बसतं, त्यावर एक तृतीयांश वेळ जास्त, म्हणजे पूर्ण बीमला साडेतीन टक्के.

सायझिंग_अक्कलकोटरोड
सायझिंगमध्ये वेगाशी असं खेळता येत नाही. वेग उतरला की खळीचा पिकअप बदलतो, स्क्वीझचा दाब वेगासोबत उतरवावा लागतो, आणि सिलिंडरवर सूत जास्त वाळून कडक होतं. पहिला ११ टक्के ताणा वेगळ्या खळीचा झाला तर तो मागावर तुटणार. त्याऐवजी २०० मिमीपर्यंत गेन कमी केला तर चालेल का?

लूप_मार्जिन
फार मिळत नाही. १५० मिमीला गेन निम्मा केला तर १.२४ चे १.२२ होतात, पाव केला तर १.१२. आणि पाव गेनवर बीम बदलताना डान्सर सावरायला वेळ लागेल. १५० मिमीला जे हलतंय ते नुसत्या बॅरलचं आणि गजनाचं (बीमच्या टोकाच्या आसाचं) वाकडेपण आहे. आधी ३०० मिमीला डान्सर ४ मिमी हलत होता, म्हणजे सुताची लांबी ८ मिमी, भागिले १.६२, विकेंद्रीपणा ५ मिमी निघतो. हे फार आहे. बीम दोन व्ही-ब्लॉकवर ठेवा, बॅरलच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये डायल गेज लावून एक फेरा हाताने फिरवा. गेजच्या काट्याचा एकूण फिर १ मिमीच्या आत हवा, म्हणजे विकेंद्रीपणा अर्धा मिमी. मग १.२४ पट झाला तरी डान्सरला कळणारही नाही.

सायझिंग_अक्कलकोटरोड
खात्यात ४० बीम आहेत. उद्यापासून प्रत्येकाचं गेज घेऊन फ्लँजवर रंगाने आकडा लिहितो. १ मिमीच्या वरचे खराद्याकडे गजन सरळ करायला जातील, तोवर ते बीम या मशीनवर लावायचे नाहीत.

पॅनेल_चिंचोली
आकड्याच्या शेजारी कोणत्या बाजूला जास्त आहे त्याचा बाणही काढा. एकाच बाजूचा गजन वाकलेला असेल तर खराद्याचं निम्मं काम वाचतं.